पाच कप पाणी आणि विहिरीचं कुलूप

आधी एक कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मन मोकळं राहील. ज्या उन्हाळ्याची ही हकीकत आहे, त्या उन्हाळ्यात माझं प्रार्थनेवरून मन उडालं होतं. गुडघे टेकायची, डोळे मिटायची, ओठ हलवायची, सगळं करायची. शेजारच्या बाईला वाटावं, काय तल्लीन झाली आहे! पण आत काहीच नव्हतं. रिकाम्या गुंडात, म्हणजे पाण्याच्या घागरीत, तोंड घालून बोलावं तसा माझाच आवाज माझ्याकडे परत यायचा. मी चौथीपर्यंत शाळा पाहिलेली बाई. पुढचं जे काही वाचणं-लिहिणं आलं, ते उपासनेतली गाणी वाचून आणि आमच्या महिला मंडळाची टिपणं लिहून आलं. त्यामुळे शब्द कुठे वेडेवाकडे पडले तर सांभाळून घ्या. घडलं तसं सांगते.

झालं असं, की आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या त्या वर्षी थकल्या. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. पायांवर सूज यायची, चप्पल शिरेना. वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, की बाबांना दिवसाला पाच कप पाणी. त्यात चहा आला, वरणाचं पाणी आलं, गोळी गिळायचा घोटसुद्धा आला. आता तुम्हीच सांगा, समुद्रपूरच्या बाजूचा एप्रिल महिना, कापूस निघून गेलेली वावरं तव्यासारखी तापलेली, आणि माणसाला पाच कप! मी रोज सकाळी एका पितळी लोट्यात पाच कप मोजून ओतायची आणि वर फडकं बांधून द्यायची. तो लोटा घेऊन हे दिवसभर फिरायचे. ओठ ओले करायचे, फडकं पुन्हा बांधायचे. मला बघवायचं नाही. मी म्हणायची, "अवो, घ्या ना अजून घोटभर, कोण पाहून राह्यलं?" तर म्हणायचे, "माह्या किडन्या पाहून राह्यल्या."

माणूस असा होता. सुतारकाम करायचे. आमच्या कंपाउंडातली, म्हणजे जुन्या मिशनच्या आवारात आम्ही वीस-पंचवीस ख्रिस्ती घरं राहतो तिथली, दारं-खिडक्या सगळी त्यांच्या हातची. चर्चमधले बाकही त्यांचेच. वेदीपुढे जमिनीत बाप्तिस्म्याचा हौद आहे. आमच्या मंडळीत पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत नाहीत, सबंध माणूस पाण्यात बुडवतात. एरवी तो हौद फळ्यांनी झाकलेला असतो. त्या फळ्यासुद्धा ह्यांनीच रंधा मारून बसवलेल्या. पण त्या फळ्यांखालच्या पाण्यात हे कधी उतरले नाहीत. ख्रिस्ती घरात जन्मले, ख्रिस्ती बाईशी लग्न केलं, दर रविवारी मला चर्चच्या दारापर्यंत सोडलं, आणि स्वतः बाहेर निंबाखालच्या ओट्यावर, खिडकीला पाठ लावून बसले. चाळीस वर्षं. प्रवचन एकही चुकवलं नाही. पाळक काही विसरले तर हे बाहेरून खोकायचे. मंडळीत त्यांना सगळे 'खिडकीतले मेंबर' म्हणत.

याचं कारण आमच्या आवारातली विहीर. दगडानं बांधलेली, मोठी, जुनी. एके काळी आमच्या आवाराचं आणि रस्त्यापलीकडच्या शेतकरी घरांचं पाणी तिच्यावरच चालायचं. हे विशीत होते, बाप्तिस्म्याच्या वर्गात बसत होते, तेव्हा एका तंगीच्या उन्हाळ्यात बायकांची पाण्यावरून भांडणं झाली. मंडळीच्या कमिटीनं ठरवलं, की पाणी थोडं आहे, ते आपल्या आवारापुरतंच ठेवायचं. तोंडावर लोखंडी जाळी आली, जाळीला साखळी, साखळीला तळहाताएवढं वजनदार कुलूप. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या जिवलग मित्राची, किसनाची आई रोजच्यासारखी पाण्याला आली. तिचा रिकामा गुंड तिच्या डोक्यावर तसाच परत गेला. ह्यांनी ते पाहिलं. त्याच संध्याकाळी वर्ग सोडला. म्हणाले, "ज्या इहिरीले कुलूप, तिच्या पान्यात मी नाई बुडत." एवढंच. पुन्हा त्यावर कधी बोलले नाहीत.

आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे होती? माझ्याकडे. नव्वदच्या सालांत कधीतरी चर्चच्या झाडलोटीचं काम मला मिळालं, त्याबरोबर किल्लीही आली. सकाळी दोन तास जाळी उघडायची, आवारातल्या बायका पाणी भरायच्या, मग पुन्हा कुलूप. किल्ली माझ्या कमरेला खोचलेली. मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट जरा रुबाबच वाटायचा, खोटं कशाला बोलू. मी पाणी सांभाळते आहे, असं मला वाटे. रस्त्यापलीकडे नंतर हातपंप आला, त्या लोकांचं त्यांनी पाहिलं. ह्यांनी मला एका शब्दानं कधी टोचलं नाही. रोज झोपताना मी किल्ली खुंटीला अडकवायची, तेव्हा हे तोंड भिंतीकडे फिरवायचे. ते मात्र टोचायचं.

तर त्या उन्हाळ्यात पाच कपांवर जगताना ह्यांना एक नवीनच नजर आली. कुठे पाणी वाया जातं ते त्यांना दिसायला लागलं. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाचा काळ चालू होता. चर्चच्या भिंतीला एक नळ आहे. विहिरीवरच्या मोटारनं टाकीत पाणी चढतं, ते त्या नळाला येतं. तो नळ वर्षानुवर्षं गळत होता, आम्हाला त्याचा आवाजही येईनासा झाला होता. ह्यांनी एका रविवारी आपल्या लोट्यासारखा दुसरा लोटा त्याच्याखाली ठेवला. उपासना सुटल्यावर मला दाखवला. काठोकाठ.

"हे पाय," म्हणाले. "मले दिवसाले पाच कप. तुह्या देवाच्या नळाले एका प्रवचनात सहा. अन् प्रवचन आज लहानच होतं."

दुसऱ्या दिवशी सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून त्यांनी तो नळ बंद केला. मग बायकांच्या मागे लागले. प्रभुभोजनाचे ते लहान लहान काचेचे पेले आम्ही वाहत्या नळाखाली धुवायचो. प्रीतिभोजनाची पातेली तशीच. ईस्टरसाठी क्रोटनच्या कुंड्यांना नळी लावून गप्पा मारत बसायचो. हे खिडकीतून म्हणायचे, "बाई, झाडाची तहान गेली, आता तुमच्या गप्पायची जाऊ द्या."

मी हे महिला मंडळात मांडलं. आमच्यात जुनी रीत आहे, स्वयंपाकाला बसण्याआधी घरची बाई एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते. महिन्याकाठी तो डबा चर्चमध्ये येतो, गरजू घराला जातो. मी म्हटलं, तांदळाची मूठ काढतो तशी पाण्याची काढू. सकाळी अंघोळीला पाणी घेण्याआधी एक लोटा बाजूच्या झाकणाच्या माठात टाकायचा, आणि रविवारी तो माठ चर्चमध्ये आणायचा. पेले धुवायला, हातपाय धुवायला, कुंड्यांना तेवढंच वापरायचं. रविवारी मोटार लावायची नाही. आमच्या सुशीलाबाई लगेच म्हणाल्या, "आता खिडकीतले मेंबर आमाले अंघोळ बी मोजून देतील का वो?" सगळ्या हसल्या. पण तांदळाच्या रीतीमुळे गोष्ट पटकन डोक्यात बसली. पुढच्या रविवारी दारात माठांची रांग लागली, आणि सुशीलाबाईंचा माठ सगळ्यात मोठा होता. भांडी आता दोन घमेल्यांत धुवायची, पहिल्यातलं पाणी झाडाला, दुसऱ्यातलं पुढच्या भांड्यांना पहिलं. मोटार रविवारी बंद राहिली. आम्हाला फार कौतुक वाटलं स्वतःचं.

मला नाही वाटलं. मी मनात म्हणायची, देवा, आम्ही लोटे वाचवून राहिलो आणि तू माझा माणूस वाळवून राहिला. हा कुठला हिशेब?

ईस्टरला पंधरा दिवस राहिले होते. एका दुपारी हे खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "मंजूची माय, मले बाप्तिस्मा घ्याचा हाये." मंजू आमची लेक, नागपूरला दिलेली. मी हातातलं निवडण खाली ठेवलं. चाळीस वर्षं ज्या शब्दासाठी मी देवापुढे पदर पसरला, तो शब्द आला, आणि मला आनंद झाला नाही. कारण मला कळलं, माणूस आवराआवर करतो आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकट्याला काय सांगितलं होतं ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी नुसतं "घेऊ ना" म्हटलं. तर हे म्हणाले, "पन कुलूप काढा लागते पयले. ते तसंच हाये अन् मी बुडलो, तं चाळीस वर्सं मी निंबाखाली काय उगीच माशा मारत बसलो का?"

मी गेले कमिटीपुढे. आमचे पाळक तरुण होते, हिंगणघाटकडचे, स्वभावानं मऊ. कमिटीचे प्रमुख दानिएलबाबा, ऐंशीच्या घरातले. ज्या कमिटीनं कुलूप घातलं तिच्यातले तेवढेच एक जिवंत होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, विहिरीत पाहिलंस का? तळ दिसून राह्यला. कुलूप आहे म्हणून तेवढं तरी आहे. आज काढलं तर चार दिवसांत नुसता चिखल उरेल. आणि हौद भरायचा म्हणजे आवाराला आठवडाभर पुरेल एवढं पाणी." त्यात खोटं काय होतं? विहीर खरंच तळाला गेली होती. त्या वर्षी ईस्टरचे बाप्तिस्मेसुद्धा पावसाळ्यावर ढकलले होते. पाळकांनी हळूच सुचवलं, की आजारी माणूस आहे, घरीच खाटेवर थोडं पाणी शिंपडू, देव मन पाहतो.

मी घरी येऊन हे सांगितलं. हे खूप वेळ हसले, मग खोकले, मग म्हणाले, "शिंपडू? मी का कोथिंबिरीची जुडी आहो?"

हसून विषय संपला, पण मला झोप लागेना. पावसाळ्यापर्यंत हे राहतील का? कुलूप काढलं आणि पाणी खरंच संपलं तर बायका माझ्या दारात उभ्या राहतील. नाही काढलं तर हा माणूस तसाच जाईल. आणि किल्ली माझ्या कमरेला. मी देवाला म्हटलं, पाणी पाठव, म्हणजे मला काही करावं लागणार नाही. माझी प्रार्थना ही अशी होती. आता आठवली की लाज वाटते.

शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे बारा ते तीन अशी उपासना असते. वधस्तंभावरचे प्रभूचे सात शब्द, एकेका शब्दावर एकेक जण बोलतो. मला पाचवा मिळाला होता, 'मला तहान लागली आहे' हा. कमिटीनं मुद्दाम दिला नव्हता, चिठ्ठ्या टाकल्या होत्या. घरात तहानलेला माणूस असताना मी या शब्दावर काय बोलणार? तरी दोन पानं लिहून नेली होती. पंखे गरम हवा फिरवत होते. हे बाहेर निंबाखाली लोटा घेऊन बसले होते, मला उभ्या जागेवरून खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. मी वाचायला सुरुवात केली. चार-पाच ओळी झाल्या असतील. तेवढ्यात साखळी वाजली.

विहिरीच्या जाळीची साखळी. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. कोणी तरी कुलूप ओढून पाहत होतं. मी थांबले. पुन्हा वाचू लागले. पुन्हा साखळी वाजली. खिडकीतून पाहिलं तर विहिरीपाशी दहा-पंधरा अनोळखी माणसं, बायका, लेकरं. नंतर कळलं, गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला निघालेली बस फाट्यावर बंद पडली होती आणि झाडं पाहून ही माणसं आमच्या आवारात आली होती. एक म्हातारा आपल्या बायकोला धरून निंबाखाली आणत होता. बाईला ऊन लागलेलं, मान टाकलेली. आमच्या ह्यांनी सरकून तिला जागा दिली. मग आपल्या लोट्याचं फडकं सोडलं आणि लोटा तिच्या तोंडाला लावला. ती प्यायली. हे लोटा वाकडा करत गेले, करत गेले, अगदी शेवटपर्यंत. दुपारचे दोन वाजले होते. त्यांचं दिवसभराचं जे काही उरलेलं होतं ते सगळं.

माझ्या हातातले कागद, त्यावर मीच लिहिलेली तहान, आणि माझ्या कमरेला किल्ली. काय सांगू तुम्हाला, त्या घडीला मला कोणी दिसलं नाही की कोणाचा आवाज आला नाही. फक्त किल्ली एकदम जड लागली, पदरात दगड बांधावा तशी. मी कागद वेदीवर ठेवले आणि चालू लागले. मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत. सुशीलाबाई कुजबुजल्या, "अवो, चक्कर येऊन राह्यली का?" मी थांबले नाही. कमिटीला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा कुलूपच लागलं असतं, आणि तेही माझ्याच भीतीनं. विहिरीपाशी गेले, कुलूप काढलं, साखळीसकट बाजूला फेकलं आणि जाळी उघडली. म्हटलं, "घ्या बापा, भरा." मागे वळून पाहिलं तर अर्धी मंडळी दारात उभी होती, आणि पाळक हातात पवित्र शास्त्र धरून पायऱ्या उतरत होते. त्यांनी सरळ दोराला हात घातला.

लोक पाणी प्यायले, तोंडं धुतली. मी एक लोटा भरून ह्यांच्याकडे नेला तर त्यांनी तोंड पुसलं आणि मान हलवली. म्हणाले, "पाच झाले माहे. कोनं पेले ते किडनीले काय करा लागते." पण त्यांचा चेहरा! लग्नाच्या दिवशीही तसा नव्हता.

तो म्हातारा तोवर विहिरीच्या काठावर पालथा पडून आत पाहत होता. डोक्याला दुपट्टा, कानावर बिडी खोचलेली. बराच वेळ पाहून उठला आणि मला म्हणाला, "माय, हे इहीर कोन उपसते?"

आमच्या आवारातले लोक मास्तर, नर्सबाई, कंपाउंडर, सुतार. विहिरीत उतरून गाळ काढणारं आमच्यात कोण होतं? कोणीच नाही. म्हातारा म्हणाला, "जिंदगी इहिरीच खोदत आलो मी. पानी आटलं नाई, दबलं हाये. पूर्वेच्या अंगाले झरा दिसते, त्याच्यावर कमरेएवढा गाळ बसला. तो काढा, मंग पाहा." एवढ्यात फाट्यावरून भोंगा वाजला. त्यानं बायकोला उठवलं, आम्हाला हात जोडले आणि सगळ्यांबरोबर निघून गेला. नाव विचारायचं राहिलं. पुढे गिरडला जाणाऱ्या कितीजणांना मी विचारलं, अशा माणसाचा पत्ता लागला नाही. देवानं त्याला पाठवलं का, बस बिघडली म्हणून तो आला, यावर मी वाद घालत नाही. बिडी खोचलेला देवदूत मी तरी ऐकला नव्हता. पण मी देवाजवळ पाणी मागितलं होतं, आणि त्यानं आधी तहानलेली माणसं पाठवली, एवढं मला ठाऊक आहे.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मागून आलं. रस्त्यापलीकडे गलका ऐकून किसनाभाऊ आले होते, तेच, ज्यांच्या आईचा गुंड रिकामा परत गेला होता. ते कुंपणाबाहेरच उभे होते. ह्यांनी ओट्यावरून हाक मारली, "किसना, तुहा बाप उपसत जाय न हे इहीर?"

"हो, दर वर्सी," किसनाभाऊ तिथूनच म्हणाले. "आमच्याच घरचे चार गडी उतरत. मंग तुमच्या लोकायनं कुलूप लावलं. आता चाळीस वर्सानं गाळ आठवला का तुमाले?"

खरी गोष्ट ती होती. पाणी सांभाळायचं म्हणजे लोकांपासून सांभाळायचं, असं आम्ही समजत आलो. आणि जी माणसं त्या विहिरीत उतरून तिला जिवंत ठेवत होती, नेमकं त्यांनाच आम्ही बाहेर काढलं होतं. मी कुंपणाशी गेले आणि किल्ली किसनाभाऊंच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हसले. "वयनी, कुलूप तं तुमी फेकून देलं. आता किल्लीचं काय करू, कान कोरू?" मग ह्यांच्याकडे पाहून म्हणाले, "सकाळी दोर अन् कप्पी घेऊन येतो. तू मातर उतरू नको, गड्या. ओट्यावर बसून खोकत राय."

मग आम्ही पुन्हा आत गेलो आणि उरलेले शब्द ऐकले. माझ्या पाचव्या शब्दाची दोन पानं वेदीवरच राहिली. ती पुरी वाचून दाखवा असं मला आजवर कोणी म्हटलं नाही.

शनिवारी किसनाभाऊ, त्यांचे दोन भाऊ आणि गावातले आणखी गडी आले. वरून आमची मंडळी घमेली ओढत होती, मास्तरांच्या हाताला फोड आले, नर्सबाई पट्ट्या बांधत होत्या. दानिएलबाबा काठी टेकत आले. मग दोर धरलेल्या किसनाभाऊंना म्हणाले, "तुझ्या आईचा गुंड मी परत पाठवला होता." किसनाभाऊ खाली पाहतच म्हणाले, "मालूम हाये, बाबा. जरा बाजूले सरा, चिखल उडन." बाबा बाजूला सरले, आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. ईस्टरची उपासना आम्ही पहाटे उरकली आणि चिखलाच्या कपड्यांत पुन्हा दोराला लागलो. सोमवारी दुपारी आतून आवाज आला, "लागला!" पूर्वेच्या अंगाला दगडांच्या फटीतून करंगळीएवढी धार सुटली होती. दोन दिवसांत दोन हात पाणी चढलं. फार नाही. पण आवाराला आणि पलीकडच्या घरांना पुरलं, आणि तेच पाणी पावसाळ्यापर्यंत पुरलं.

ईस्टरनंतरच्या रविवारी ह्यांचा बाप्तिस्मा झाला. हौद मोटारनं भरला नाही. आमच्या पाण्याच्या मुठीचे माठ आले, आणि पलीकडच्या बायका एकेक गुंड घेऊन आल्या. तरी कंबरभर व्हायला कमीच पडत होतं. तेव्हा पाळक म्हणाले, "उभ्यानं कशाला? गुडघ्यावर बसून घेऊ." खरंच की! गुडघे टेकले तर निम्म्या पाण्यात माणूस पुरता बुडतो. इतक्या वर्षांत आम्हाला सुचलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती, पण पाणी पोटात जाऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं. हे ओठ इतके घट्ट मिटून बुडाले आणि वर आले की आम्हाला हसू फुटलं. पाळकांनी "आमेन" म्हणायच्या आधीच हे म्हणाले, "एक घोट नाई गेला!" किसनाभाऊ ओट्यावर, ह्यांच्या जागेवर बसले होते. ते खिडकीतून खोकले.

हौदाचं बूच त्या दिवशी काढलं नाही. दर वर्षी ते पाणी गटारात जायचं, यंदा बादल्यांनी निंबाला, कुंड्यांना आणि गुरांच्या टाक्याला गेलं. संध्याकाळी मी ह्यांच्या लोट्याचं फडकं सोडलं तर आत दोन कप पाणी उरलेलं. मी विचारलं, "आज प्याले नाही?" म्हणाले, "ध्यानातच नाई राह्यलं." त्याचं मी काही सांगत नाही. लोटा पाहिला, एवढंच सांगते.

त्यानंतर त्यांना एक पावसाळा मिळाला. त्यात त्यांनी चर्चच्या छपराला पत्र्याची पन्हाळ घडवून बसवली, रेती आणि कोळशाच्या पिंपातून छपराचं पाणी हौदात घेतलं. वर्षातून एकदा भरणारा हौद आता पावसाळाभर भरलेला असे, आणि वरचं पाणी विहिरीत जाई. नाताळच्या थोडं आधी हे गेले. शेवटच्या दिवसांत डॉक्टरीणबाईंनी पाण्याची मनाई उठवली होती. तरी हे कपानंच प्यायचे. सवय झाली होती, आणि मला वाटतं, गोडीही लागली होती.

माझी प्रार्थना परत आली का, असं कोणी विचारेल. आली. पण आता मी देवाला पाणी दे, आयुष्य दे असं आधी म्हणत नाही. आधी विचारते, माझ्या कमरेला काय खोचलेलं आहे ते दाखव. बरेचदा काहीतरी असतंच. ते काढून ठेवणं एवढंच माझ्या हातात आहे, धार सोडणं त्याच्या.

कुलूप मी विहिरीत फेकणार होते. ह्यांनी फेकू दिलं नाही. म्हणाले, "लोखंड हाये, पानी खराब करन. अन् चांगलं वजनदार हाये, कामाले येईन." त्यांनी एका दोराला हातहातावर गाठी मारल्या आणि टोकाला ते बांधलं. दर रविवारी उपासनेआधी पलीकडची एक बाई आणि आमच्यातली एक बाई मिळून तो दोर विहिरीत सोडतात, ओल्या गाठी मोजतात, आणि पाणी किती हात आहे ते पाळक सगळ्यांना वाचून दाखवतात. मग त्या आठवड्यात कोणी किती वापरायचं ते ठरतं. मी आता ओट्यावर बसते, निंबाखाली. माझ्याच्यानं दोर ओढवत नाही. बायका तो वर घेतात तेव्हा मी फक्त टोकाकडे पाहते. ज्या कुलपानं चाळीस वर्षं पलीकडच्या कोणाला पाणी पिऊ दिलं नाही, ते दर रविवारी सगळ्यात आधी पाणी पिऊन वर येतं.